तिथीची पाऊणपट

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही अशी डॉक्टरांची तंबी होती. दोन-तीन ब्लॉगमित्रांनी मेल करून विचारपूस केली, त्यांचे आभार. डोळा आता छान आहे. नातीने स्क्रीनवरची अक्षरं एवढी मोठी करून दिली आहेत की टाइप करताना फळ्यावर लिहिल्यासारखं वाटतं.

तर झालं असं, की परवा अकोल्याहून पुतण्याचा फोन आला. नाताळच्या सुट्टीत बायको-मुलांना घेऊन कोकणात निघालाय. "काकू, तुम्ही गेल्या होत्या न दापोलीकडे? तिथं खाडीत लहान होडी मिळते म्हणे फिरायला. आमचा पोट्टा लय मागं लागला. काही टिप्स द्या न." मी म्हटलं, फोनवर सांगण्यासारखं नाही बाबा, लिहूनच काढते. फोन ठेवला आणि लक्षात आलं, की लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल. त्यातली एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. दापोलीची लेक हा ब्लॉग वाचते, तिलाही ती इथेच कळेल. कळू दे.

आधी आमच्या पाण्याविषयी. मी मूळची दर्यापूर तालुक्यातली. नावात दर्या, पण खरा दर्या सहाशे-सातशे किलोमीटर दूर! आमचा भाग पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे, डाळ शिजत नसे. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, "बाबा, खाली समुद्र आहे का?" ते म्हणाले, "असंल माय, कोणी पाह्यलं?" होडी म्हणजे अमरावतीचा वडाळी तलाव, नाहीतर चिखलदऱ्याचा शक्कर तलाव. त्यात पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी. नदीला पूर आला तर पाणी जास्त म्हणून भ्यायचं, उन्हाळ्यात कमी झालं की निर्धास्त व्हायचं. खोल पाणी वाईट आणि उथळ पाणी चांगलं, हे आमच्या हाडात बसलेलं.

आणि मी होते भूगोलाची शिक्षिका. बी.ए. नागपूर विद्यापीठाचं (तेव्हा अमरावती विद्यापीठ निघायचं होतं), आणि अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं नोकरी. भरती-ओहोटीचा पाठ दरवर्षी शिकवायचे. फळ्यावर पृथ्वी काढायची, चंद्र काढायचा, निळ्या खडूने दोन बाजूंना पाण्याचे फुगवटे. दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटांचं अंतर. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची. 'कारणे द्या' मध्ये हमखास येणारा प्रश्न! माझ्या वर्गातल्या मुली त्यात पैकीच्या पैकी मार्क घ्यायच्या. मी स्वतः समुद्र पाहिला होता दोनदा, दोन्ही वेळा सहलीबरोबर, तासाभरासाठी. तासाभरात भरती दिसत नाही, लाटा दिसतात.

जावई अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकला आणि नोकरीला दापोलीच्या कृषी विद्यापीठात लागला, म्हणून आमचं कोकण. जानेवारी २०२३ मध्ये आम्ही दोघं तिकडे गेलो. जावयाच्या मित्राने हौसेने फायबरची छोटी होडी घेतलेली, मागे लहानसं इंजिन. ती आंजर्ल्याच्या खाडीत असायची. जावई ती चालवायला शिकला होता, पण नेहमी त्या मित्राच्या ओळखीचे एक म्हातारे तांडेल बरोबर असत. माझ्याच वयाचे. उभा जन्म मासेमारीत गेलेला.

त्या दिवशी सकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. माघी गणेशोत्सव दोन दिवसांवर आलेला, त्यामुळे वर्दळ होती. जेवायला उशीर झाला. होडीपाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. तांडेल धक्क्यावर जाळं विणत बसलेले. म्हणाले, "बाई, आज नका जाऊ. सुकती लागली. उद्या दहानंतर या, मी येतो बरोबर."

सुकती म्हणजे ओहोटी. कळलं मला. पण उद्या सकाळीच निघून मुंबई गाठायची होती, रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसचं रिझर्वेशन होतं. शिवाय समोर पाणी कसं होतं म्हणता? आरशासारखं! एक लाट नाही. मी त्यांना म्हटलं, "ओहोटी म्हणजे पाणी कमीच होणार न, मग उलट चांगलं की." वर चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाबद्दल दोन वाक्यंही ऐकवली. ते ऐकून घेतल्यावर तांडेल एवढंच म्हणाले, "लांब नका जाऊ. पाच जणांची जाकिटं घाला." आम्ही चौघंच होतो. जावई, आमचे हे, मी आणि तेरा वर्षांचा नातू. लेक घरी होती. पाचवं जाकीट कशाला, असा विचार मनात आला तेवढ्यात ते म्हणाले, "एक बसायला लागंल."

पुलाच्या वरच्या अंगाला निघालो. दोन्ही बाजूंना कांदळवन, वर आलेली त्यांची मुळं, बगळे, खंड्या. फार सुंदर! आणि जावयाचा हिशेब असा, की जाताना पाणी उलटं लागतंय, म्हणजे येताना पाणीच आपल्याला घेऊन येईल, पेट्रोल वाचेल. मलाही ते पटलं. खाडीत नवखा माणूस फसतो तो इथेच. येताना पाणी घेऊन येतं खरं, पण तोवर पाणी उरायला हवं न!

पाचच्या सुमारास मागे वळलो. येताना एक मोठं वळण होतं. जाताना आम्ही त्याच्या बाहेरच्या काठाने गेलो होतो, येताना जवळचा रस्ता म्हणून जावयाने आतल्या बाजूने होडी काढली. वर्गात मी शेकडो वेळा सांगितलंय, की वळणाच्या बाहेरच्या काठाला प्रवाह कापत जातो, तिथे पाणी खोल, आणि आतल्या काठाला गाळ साचतो. आमच्या पूर्णेला हेच, खाडीलाही हेच. समोर चार बगळे पाण्यात उभे दिसत होते. बगळा उभा राहतो तिथे होडी कशी जाईल? पण तेव्हा मी फोटो काढत होते.

खसकन् आवाज झाला, इंजिन घरघरलं, पंख्यातून काळा चिखल उडाला आणि होडी थांबली. जावयाने इंजिन बंद करून वर उचललं (हे त्याने बरोबर केलं), वल्ह्याने रेटून पाहिलं. वल्हं लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं, होडी हलेना.

आणि आता ती गोष्ट. पाणी होडीच्या कडेला जेमतेम गुडघाभर होतं. मी नातवाला म्हटलं, "उतर रे खाली, ढकल जरा. गुडघाभर तर पाणी आहे."

आमच्याकडे असंच करतात. नदीतून बैलगाडी काढताना, ट्रॅक्टर काढताना. पोरगं उत्साहाने उतरलं. एक पाय टाकला तो मांडीपर्यंत गेला. तो काढायला दुसऱ्या पायावर जोर दिला, तोही गेला. बघता बघता कमरेपर्यंत. त्याने होडीची कड धरायला हात लांबवला, पण त्याच्या धडपडीने होडीच तिरकी होऊन सरकली आणि हात पोचेना. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. ओरडला नाही तो. "आजी" एवढंच म्हणाला, अगदी हळू.

जावयाने डोकं शांत ठेवलं. मला आणि ह्यांना होडीच्या पलीकडच्या कडेला खाली बसवलं, म्हणजे होडी कलंडणार नाही. एक वल्हं आडवं त्याच्याकडे सरकवलं आणि ओरडून सांगितलं, "पाय ओढू नको. पोटावर आडवा हो. पोहल्यासारखा." अंगात जाकीट होतं म्हणून छाती वर राहिली. तो वल्ह्यावर पालथा पडला, पाय हळूहळू हलवत राहिला, जावयाने जाकिटाचे पट्टे धरून ओढलं. दहा मिनिटं लागली असतील, की दोनच? दोन्ही चपला गाळातच राहिल्या. पायाला कालवांच्या शिंपल्यांनी चिरे पडलेले, रक्त येत होतं.

घरी आम्ही सांगितलं, की तो तोल जाऊन पडला. नातवाने ते तसंच सांगितलं, मला वाचवायला. जावयानेही. मी गप्प बसले. तर बाई, तो पडला नव्हता. मी उतरवला होता.

मोबाइलला रेंज होती हे नशीब. जावयाने तांडेलांना फोन लावला. मला वाटलं, ते मोठी होडी घेऊन येतील. ते म्हणाले, "तुम्ही जिथं टेकलात तिथं माझी होडीपण टेकंल. कोणी उतरू नका. नांगर टाका. आज बीज, दीडला भरलं होतं, पावणेआठला तळ गाठंल. पाचला टेकलात न? मग करा हिशेब."

हिशेब ह्यांनी केला. पाच ते पावणेआठ, म्हणजे पावणेतीन तास पाणी अजून उतरणार. मग तेवढंच परत चढायला आणखी पावणेतीन तास. साडेदहा! हे मला म्हणाले, "मॅडम, मुक्काम इथंच."

होडी रुतलेली असताना नांगर कशाला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कारण साधं आहे. पाणी चढायला लागलं, की होडी अंधारात कधी सुटते ते समजत नाही, आणि सुटली की पाणी नेईल तिकडे जाते.

सहाच्या सुमारास आमच्याभोवती पाणीच उरलं नाही. चहूकडे काळा चकाकता चिखल, त्यावर खेकडे तुरुतुरु पळणारे, आणि मधे आमची होडी. खाडीचा खरा प्रवाह चाळीस-पन्नास हातांवर, बाहेरच्या काठाला, एखाद्या नाल्याएवढा वाहत होता. सगळा नकाशा उघडा पडलेला! पश्चिमेला बीजेची कोर दिसली, थोड्या वेळाने तीही मावळली. मग डास.

नऊच्या सुमारास ह्यांना दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले. मधुमेहाची गोळी दुपारी घेतलेली आणि संध्याकाळचं खाणं नाही. पर्समध्ये संक्रांतीच्या तिळगुळाचा डबा होता, लेकीने देवळात वाटायला दिलेला. त्यातले लाडू एकामागून एक भरवले. अर्ध्या तासाने बरं वाटलं. तो डबा नसता तर? या प्रश्नावर मी अजून रात्री जागी होते. मग पाचवं जाकीट ह्यांच्या पाठीशी दिलं आणि त्यांना टेकवलं. तांडेलांना सगळं ठाऊक होतं.

पाणी परत आलं ते आवाज न करता. आधी चिखलातल्या रेघा भरल्या, मग होडीखाली चुळचुळ. पावणेअकराला होडी हलली, हिशेबापेक्षा पाव तास उशिरा. जावयाने इंजिन लावलंच नाही, दोघं वल्ही मारत, बांबूने तळ चाचपत बाहेरच्या काठाने आले. धक्क्यावर तांडेल बॅटरी हलवत उभे होते, शेजारी लेक. लेक काय बोलली ते इथे लिहीत नाही, तिलाच विचारा.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मी तांडेलांची माफी मागायला गेले. वर्गात विद्यार्थिनी बसते तशी बसले आणि वहीत उतरवून घेतलं. ते हे.

तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. बीज, म्हणजे दोनाची पाऊणपट दीड. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. दिवसा जितक्या वाजता, रात्रीही साधारण तितक्याच. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीचा तळ. हा ठोकताळा आहे, प्रत्येक खाडीत वेळ थोडी पुढेमागे होते, तासाभराचा फरकही पडतो. छापील भरतीचं कोष्टक आणि गावातला माणूस, दोन्हींना विचारायचंच. पण भिंतीवरच्या कॅलेंडरातून एवढं कळतं, हे मला एकतीस वर्षांत कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं! दिवसाला पन्नास मिनिटांनी भरती पुढे जाते हे मी शिकवत होतेच. त्याचीच ही कोकणी पाऊणकी.

दुसरं, पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. सहा तासांचे सहा भाग केले आणि एकूण उताराचे बारा, तर पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत. तांडेल म्हणाले, "पहिल्या तासाला पाणी इचार करतं, मग पळतं." आम्ही साडेतीनला निघालो, भरती होऊन दोन तास झालेले. बरोबर पळतीच्या वेळी. शिवाय बीज अमावास्येला लागून, म्हणजे उधाण. अष्टमीच्या आसपास भरतीही कमी आणि ओहोटीही कमी, तेव्हा सगळं जरा सौम्य असतं. मुंबईला उधाणात साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं, खाली मालवणकडे जावं तसा हा चढउतार कमी होत जातो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. उथळ खाडीत जायचं ते चढत्या पाण्यावर. चढत्या पाण्यात टेकलात तर दहा मिनिटं थांबा, पाणीच उचलतं. उतरत्या पाण्यात टेकलात तर प्रत्येक मिनिटाला जास्त रुतता.

आणि खाडीच्या मुखाशी लहान होडी न्यायचीच नाही. आतलं पाणी ओहोटीला जोराने बाहेर निघतं, समोरून समुद्राची लाट येते, आणि मधे वाळूचा उंचवटा. तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. जाणते मच्छीमारसुद्धा तिथे वेळ बघून होडी घालतात.

जाकिटाबद्दल मी वेगळं काय सांगू? आपल्याच अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यात झुंजला, १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत होडी उलटून अकरा जण गेले. दशक्रियेसाठी जमलेले नातेवाईक होते, एकाच कुटुंबातले. ती बातमी मी इथे अमरावतीत बसून वाचली होती, हळहळले होते, आणि सव्वा वर्षाने धक्क्यावर मनात म्हणत होते, की उकाड्यात जाकीट कशाला! तांडेलांनी सांगितलं नसतं तर नातवाच्या अंगात ते नसतं. त्यापुढचं मी लिहू शकत नाही.

तर बाबा, तुझ्या होडीच्या दिवशी कॅलेंडरात पंचमी आहे, मी पाहिलं. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमारास ओहोटीचा तळ. तेव्हा काठावर उभा राहून खाडी बघून घे, गाळ कुठे, धार कुठे, सगळं दिसेल, मोबाइलवर फोटो काढून ठेव. अकरानंतर पाण्यात उतर, आणि तीनच्या आत धक्क्याला परत. तिथल्या माणसाला बरोबर घे, त्याचे पैसे वाचवू नको. एक लांब बांबू, पिण्याचं पाणी, बॅटरी, खायचा डबा. सुनेला सांग, डब्यात गोड काहीतरी ठेव. आणि होडी टेकली तर पोट्ट्याला खाली उतरू देऊ नको, पाणी घोटाभर दिसलं तरी.

पोचल्यावर फोन कर. त्या तांडेलांचा नंबर माझ्या जुन्या डायरीत आहे, शोधून ठेवते.